ठकुबाई पुढे, साखळी मागे

"या बाईच्या मागून साखळी ओढायची? भर सकाळी, सगळ्यांसमोर?"

"मागूनच, अण्णा. आपण पुढं झालो तर ती आपल्या मागनं येईल. मग काय कळणार?"

एवढं बोलून व्यंकोजीमामांनी साखळीचं टोक उचललं आणि तळ्याच्या बांधाकडे तोंड करून उभे राहिले. दुसरं टोक मामांच्या जोडीदार देवाप्पाच्या हातात होतं. आमच्यापुढे दहा पावलांवर ठकुबाई डोक्यावर पालेभाजीची टोपली घेऊन उभी होती आणि आमच्याकडे संशयाने पाहत होती. मी सव्वीस वर्षांचा, बेळगावहून नुकताच आलेला ओव्हरसियर. पायांत नवे बूट, हातात मापांची वही. सरकारने मला बेंगळुरात भाजीवालीच्या मागे फिरायला नेमलं आहे, हे घरी पत्रात कसं लिहायचं याचा मी विचार करत होतो.

"काय रे व्यंकोजी, हा पँटवाला माझं काय मोजतोय?" ठकुबाईने विचारलं.

"तुझं काही नाही, अक्का. तू रोज जातीस तशी जा. मागं बघू नको."

"मी नीटच जाते. तुम्हीच पडाल शेणात."

ती निघाली. ठकुबाई पुढे, साखळी मागे आणि सगळ्यांत शेवटी मी. पहिल्या शंभर फुटांतच माझा उजवा बूट शेणात गेला.

ही १९५९ सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. तेव्हा यशवंतपूरच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका रेडिओचे भाग करणाऱ्या कारखान्यात आमच्या वस्तीकडून रोज दोनेक हजार माणसं जात, निम्मी सायकलवर, निम्मी पायी. सकाळी साडेसातच्या भोंग्याआधी ही सगळी गर्दी एकाच रस्त्यावर असे, आणि त्याच रस्त्याने दगडाच्या आणि लाकडाच्या लॉऱ्याही धावत. सहा महिन्यांत तिघांना लॉरीने उडवलं. शहराच्या वाढीचं काम पाहणाऱ्या आमच्या कचेरीने त्यावर उपाय काढला, की रस्ता रुंद करायचा. त्याची मोजणी माझ्याकडे आली आणि माझ्याबरोबर व्यंकोजीमामा आले.

मामा साखळीवाले होते. जमीन मोजायची शंभर फुटी लोखंडी साखळी खांद्यावर टाकून बावीस वर्षं त्यांनी हे शहर पायांखाली घातलं होतं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगत. घोडा गेला, तलवार गेली, मराठी तेवढी राहिली, तीही निम्मी कानडी झालेली. मी बेळगावचा म्हणून माझ्याशी मराठी बोलायला मिळतं, याचाच त्यांना केवढा आनंद! कचेरीत मला "साहेब" म्हणत आणि फाटक ओलांडलं की "अण्णा".

मोजणीच्या पहिल्याच दिवशी ते रस्त्याच्या कडेला साखळी न उलगडता उभे राहिले होते.

"अण्णा, रस्ता रुंद केला तर लॉरी काय करंल?"

"काय करेल? सोयीने जाईल."

"जोरात जाईल. आणि सायकलवाला होता तिथंच, कडेला. त्याची कड काय रुंद होणार नाही."

असं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसल्यामुळे मला ते काही पटलं नाही. मग ते मला तळ्याकडे घेऊन गेले. वीटभट्ट्यांच्या मागून, बांधाच्या पायथ्याने, एक पायवाट कारखान्याच्या मागच्या फाटकापर्यंत जात होती. रस्त्यापेक्षा थोडी लांब, पण लॉरीचा आवाजसुद्धा तिथे ऐकू येत नव्हता. कितीतरी बाया तिथूनच जात. पावसात मात्र ती निसरडी होई, आणि तळ्याचं जादा पाणी वाहून जाणाऱ्या चरापाशी सायकलवाल्यांना सायकल खांद्यावर घ्यावी लागे.

"लोकांनी वाट काढून ठेवलीय," मामा म्हणाले. "आपण ती स्वल्प नीट करायची, एवढंच."

मी जरा भीत भीतच ते आमच्या वरिष्ठ शिवाप्पासाहेबांच्या कानावर घातलं. साहेब धारवाडकडचे, मराठी छान बोलत, पण हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "रस्त्याचं काम सुरू व्हायला वर्ष जाईल. दोन माणसं शेजारून चालतील आणि बाजूने सायकल जाईल, एवढी वाट तिथे बसते का? मोजून दाखवा. बसली तर आधी ती करू. पण मापं चोख हवीत. कोणाच्या शेतात वीतभर जरी घुसलात तर विषय बंद."

वाट नेमकी कुठून न्यायची, हा मग प्रश्न आला. मी कागद पुढे ओढला. मामांनी ठकुबाईचं नाव घेतलं. ती तीस वर्षं त्या बांधाखालून भाजी घेऊन जात होती.

"डोक्यावर ओझं असलेली म्हातारी जिथनं जाते ना, तिथं चढ नसतो, काटा नसतो, कुत्रं नसतं. सायकलला अजून काय पाहिजे?"

हे सगळं मामा कामाच्या हौसेने करत आहेत, असं मी समजत होतो. खरी गोष्ट मला खंडेनवमीला कळली.

त्या दिवशी बेंगळुरात जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. सुतार करवत पूजतो, सायकलवाला सायकलीला केळीचे खुंट बांधतो. मामांच्या घरी पूर्वी तलवार पूजत. आता तिच्या जागी पाटावर साखळी मांडत. सरकारी साखळी गोदामाबाहेर न्यायची नाही असा नियम होता, आणि दरवर्षी त्या दोन दिवसांपुरता तो सगळे विसरत. त्या वर्षी साखळी नेण्याच्या चिठ्ठीवर सही माझी होती, म्हणून जेवणाचं आमंत्रणही मला होतं.

पाटावर साखळी अशी लखलखत होती, की मी ओळखलीच नाही. साखळीला दर दहा फुटांवर पितळेचा एकेक बिल्ला असतो. दहाव्या फुटाला एक दात, विसाव्याला दोन, तिसाव्याला तीन. मामा मापं वाचायला खाली बघतसुद्धा नसत, अंगठ्याने दात चाचपून आकडा सांगत. ते बिल्ले एरवी काळेकुट्ट असत. आज सोन्याचे वाटत होते.

"कशी झालीय साखळी?" मामांच्या पत्नी रत्नाबाईंनी विचारलं. मी तोंड भरून कौतुक केलं. पुरणपोळीला तिकडे होळगी म्हणतात. ती त्यांनी मला सक्तीने चौथी वाढली.

वाढायला त्यांची मुलगी सोयराबाईही होती. पंचविशीची, अंगाने किडकिडीत. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. वर्षभरापूर्वी ती त्या रेडिओच्या कारखान्यात लागली होती, तारांची वेटोळी गुंडाळायच्या कामावर.

"दिवाळीपर्यंत जाऊ दे म्हटलंय हिला," रत्नाबाई मला सांगू लागल्या. "मग बस झालं. हिच्या बाजूला बसणाऱ्या चंपाचा पाय मोडला लॉरीखाली. उद्या हिचं काही झालं तर मी काय करू?"

"आणि घरात बसून मी काय करू, आई?" सोयराबाईने पोळीचं ताट खाली ठेवलं. "तिथं बाकावर बसले की मला माझ्या कामावरून ओळखतात. इथं येणारा-जाणारा नुसता 'बिचारी, बिचारी' करतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती वाट एवढी का हवी होती, ते मला तेव्हा समजलं.

दसऱ्यानंतर सहा दिवस आम्ही ठकुबाईच्या मागे चाललो. बांधाच्या दगडांची ओळ सरळ होती. तिथपासून ठकुबाईची पावलं किती दूर पडतात, हे दर पन्नास फुटांवर खुंटी ठोकून मोजायचं. मामा अंगठ्याने बिल्ला चाचपत, आकडा सांगत, मी वहीत लिहून घेई. आठवड्याने नकाशा काढायला बसलो, तर वाट इकडून तिकडे भलतीच हेलकावत होती.

"मामा, हे असं कसं?"

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "म्हातारी झाली अक्का. झुलत असेल."

मलाही ते खरं वाटलं. बाईच्या पावलांवर वाट आखली तर ती बाईसारखीच चालणार! मी ते हेलकावे मोठ्या इमानाने शाईत उतरवले आणि नकाशा साहेबांकडे पाठवला.

दिवाळीला आठ दिवस असताना, एका शुक्रवारी, साहेब स्वतः तपासायला आले. त्यांच्याजवळ त्यांची स्वतःची नवी टेप होती. तिसऱ्या खुंटीपाशीच ते थांबले.

"कागदावर दगडांपासून तीस फूट आहे. इथे वीस भरतात. तुमची वाट दहा फूट शेतात गेलीय."

पुढच्या एका खुंटीपाशी नेमकं उलटं निघालं. चरापलीकडे तळ्याचं जादा पाणी दगडांच्या ओळीच्या अलीकडे साचलेलं होतं आणि कागदावरची वाट सरळ पाण्यात उतरत होती.

"इथून माणसं पोहत जाणार का, ओव्हरसियर?"

साहेबांनी साखळी मागवली, जमिनीवर ताणून धरायला लावली आणि तिच्या शेजारी टेप सोडली. साखळीची लांबी बरोबर शंभर फूट होती. पण विसाव्या फुटावर तीन दातांचा बिल्ला होता आणि तिसाव्यावर दोन दातांचा. मामा गुडघ्यांवर बसले, दोन्ही बिल्ले अंगठ्याने चाचपले आणि त्यांचा चेहरा पडला.

"घरी नेली होती, साहेब. पूजेला," ते म्हणाले. "बिल्ले काढून घासले. लावताना चुकलं. चूक माझी."

"आणि रोज सकाळी साखळी तपासून घ्यायची असते. ती कोणी घेतली?"

ते काम माझं होतं. कचेरीच्या आवारात त्यासाठी दोन खुणेचे दगड होते. साखळी त्यांच्यावर ठेवायची, बिल्ले पाहायचे, वहीत सही करायची. मी सह्या रोज केल्या होत्या. साखळी एकदाही ठेवली नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "तपासली होती या साहेबांनी. लांबी बरोबरच होती ना. बिल्ले मी सांभाळायचे."

मी गप्प राहिलो. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या घटकेला मला माझी नोकरी दिसली, मामांची दिसली नाही. आज नऊ वर्षं झाली, पण हे लिहितानाही मान खाली जाते.

साहेबांनी तिथेच हुकूम दिला. व्यंकोजींनी आजपासून साखळीला हात लावायचा नाही, गोदामात बसायचं. आणि सोमवारी सकाळी अकरापर्यंत नवी मापं टेबलावर आली नाहीत तर रस्ता रुंद करायचा कागद वर जाईल. वाटेचं नाव पुन्हा काढायचं नाही.

संध्याकाळी मी साहेबांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, खोट्या सह्यांसकट.

"सकाळी तोंड कुठे ठेवलं होतं?"

"घाबरलो होतो."

"आणि आता?"

"आताही घाबरलोच आहे, साहेब."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. माझं कायम होणं वर्षभर पुढे ढकललं आणि तसं लेखी देईन म्हणून सांगितलं. मामांसाठी मी गयावया केली. "साखळी गोदामाबाहेर गेली ती गेलीच," ते म्हणाले. "हुकूम बदलणार नाही. उद्या कचेरी आहे. तुम्हाला रविवार आहे, तो वापरा."

तिथून मी मामांकडे गेलो. रत्नाबाई चुलीपाशी बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. बिल्ल्यांवरच्या दातांना काही अर्थ असतो, हे त्यांना आजच कळलं होतं.

"मला वाटलं, नुसती नक्षी आहे," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, यंदा ही साखळी आपल्या सोयराची वाट मोजणार. म्हणून पकडीनं काढून एकेक बिल्ला चिंचेनं घासला मी. दोन-दोनदा. वाटलं, देवाचं लक्ष जाऊ दे तिच्याकडं. आणि माझ्याच हातानं..."

मामांनी मला बाहेर ओट्यावर नेलं. "तिला काही म्हणू नका, अण्णा. बावीस वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्या साखळीला हात लावला, आणि तो लेकीसाठी."

मी साहेबांकडे जाऊन काय सांगितलं, ते त्यांना सांगितलं.

"कशाला सांगितलंत? माझं काय, आता किती वर्षं राहिलीत?" मग म्हणाले, "पण सरी, ठीकच. बरं केलंत. तुम्हाला झोप लागेल."

माझ्यावर संतापण्याचा त्यांना सगळा हक्क होता. तो त्यांनी त्या दिवशी वापरला नाही आणि नंतरही कधी वापरला नाही. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढे उपकार कोणी केलेले नाहीत, आणि तेही असे, की आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रविवारी सकाळी देवाप्पा नव्हता. तो देवनहळ्ळीला सासुरवाडीला गेला होता. साखळीला दोन माणसं लागतात आणि मामांना हात लावायची बंदी. मी बांधावर डोक्याला हात लावून बसलो असताना सोयराबाई पदर खोचून पुढे आली.

"द्या ते टोक इकडं. तारा गुंडाळते मी दिवसभर. ही जरा जाड तार, दुसरं काय!"

तिच्यामागून ठकुबाई आली. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत विटा होत्या.

"आज भाजी नाही," ती म्हणाली. "पण रिकामी टोपली असली की माझी चाल बदलते. मग पुन्हा म्हणाल, म्हातारी झुलते."

आम्ही निघालो. पुढच्या टोकाला मी, मागच्या टोकाला सोयराबाई. बिल्ले मी रात्रीच बरोबर जागी लावले होते आणि सकाळी खुणेच्या दगडांवर साखळी चारदा तपासली होती. मामा बाजूने चालत होते, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. "सैल पडलीय, ताणा." "खुंटी उजवीकडं." "आकडा पुन्हा बघा, अण्णा." एकदा साखळी बाभळीत अडकली. ते सवयीने खाली वाकले, हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिथे पाहणारं कोणी नव्हतं. तरी त्यांनी हात पुन्हा मागे नेला.

"सोयरा, ते सोडव बाळ," ते म्हणाले.

उन्हं उतरेपर्यंत मापं झाली. घरी जाऊन नकाशा काढला. वाट बांधाला धरून एका लांब वळणाने शांतपणे जात होती. ठकुबाई कुठेही झुलत नव्हती. तिची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली, तेव्हा तिने मला मेथीची जुडी दिली आणि वर चार शब्दही ऐकवले.

सोमवारी साडेदहाला मापं साहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी बुधवारी स्वतः येऊन पुन्हा टेप लावली आणि सही केली. "ही पावलं कोणाची आहेत?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते नाव नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं.

दिवाळी झाली. रत्नाबाईंनी नोकरी सोडायचा विषय काढला नाही. काम निघाल्याचं कळल्यापासून मामा रोज पहाटे मुलीला बांधाखालून पोहोचवून मग गोदामात जात. चरावर दगडी लाद्या पडल्या, निसरड्या जागी मुरूम अंथरला गेला, त्यावर रूळ फिरला. दोन्ही तोंडांना दोन-दोन दगड असे रोवले, की सायकल आत जाईल पण लॉरीचं नाक जाणार नाही. ते अंतर मामांनी सुचवलं, गोदामाच्या दारातूनच.

आता माझ्याकडे बऱ्याच रस्त्यांचं काम असतं. कुठेही गेलो की मी आधी तिथून रोज ओझं घेऊन जाणारी बाई शोधतो. हाताखालची तरणी पोरं माझ्या पाठीमागे हसतात. हसू देत.

त्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वाट खुली झाली. हार नाही, भाषण नाही. साहेबांनी "सोमवारपासून जाऊ द्या" एवढं सांगितलं. त्या सोमवारी मी लवकर उठून गेलो, तर बांधापाशी मामा आधीच येऊन उभे होते. त्या दिवशी त्यांनी मुलीला प्रथमच एकटीला निघायला सांगितलं होतं. अंगावर गोदामाचा खाकी कोट, डोक्याला रुमाल. थंडी चांगलीच होती.

पहिल्यांदा सायकली आल्या, घंटी न वाजवता. मग पायी माणसं. कोणी डबा घेऊन, कोणी पोराला कडेवर घेऊन, भाजीवाल्या, गवळी. आमच्याकडे कोणी पाहिलं नाही. मामांना कोणी ओळखायचं कारणही नव्हतं.

मग सोयराबाई आली. तिच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातल्या दोघी होत्या. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, अगदी रंगात येऊन, आणि त्या दोघी हसून बेजार झाल्या होत्या. मध्येच तीही हसली. त्या घरात मी तीन महिने जात होतो, पण तिचं हसणं मी ऐकलेलं नव्हतं. मी हाक मारायला हात वर केला, तर मामांनी तो धरला.

"नको, अण्णा. गोष्ट मधेच तुटेल तिची."

तिघी शेजारी-शेजारी येत होत्या आणि आम्ही वाटेवरच उभे होतो. मामा मला घेऊन बाजूच्या गवतात उतरले. दंवाने त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. मोठ्या माणसाला वाट देताना उभं राहावं, तसे ते हात जोडून, थोडे वाकून उभे राहिले. मुलगी बोलत बोलत त्यांच्यासमोरून निघून गेली.